सनडायलला मराठीत काय म्हणावे, आणि ते घड्याळाच्या मागे का असते

आपण दोन प्रश्न विचारले आहेत. शाळेच्या मैदानात बसवायच्या सनडायलखाली मराठी फलक लावायचा आहे, त्यावर नेमका कोणता शब्द लिहावा, हा पहिला. फेब्रुवारीत मुलांनी गच्चीवर पुठ्ठ्याचे सनडायल करून पाहिले तेव्हा ते मनगटावरच्या घड्याळापेक्षा पाऊण तासाहून थोडे अधिकच मागे निघाले, तर कुठे चुकले, हा दुसरा. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी पुण्यात आणि आसपासच्या शाळांत व बागांत अशी यंत्रे आखून देतो, आणि माझ्या अनुभवात हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. शब्दाचा अर्थ नीट धरला की दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच मिळते. मुलांचे काहीही चुकलेले नाही, एवढे आधी सांगून ठेवतो.

सूर्यप्रकाशात पडणाऱ्या सावलीच्या जागेवरून त्या ठिकाणची वेळ दाखवणारे यंत्र म्हणजे सनडायल. या व्याख्येतले 'त्या ठिकाणची' हे शब्द पुष्कळदा गळतात, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. मनगटावरचे घड्याळ पुण्यातून गुवाहाटीला नेले तरी ते तीच वेळ दाखवते. सनडायल मात्र ज्या अक्षांशासाठी आखलेले असते तिथेच खरे चालते, आणि जिथे उभे असते तिथल्याच सूर्याची वेळ सांगते. ते जागेशी बांधलेले असते.

इंग्रजीतला 'डायल' हा शब्द लॅटिनमधल्या 'दिएस' म्हणजे दिवस या शब्दाकडे जातो. घड्याळाच्या तबकडीला आणि पुढे जुन्या टेलिफोनच्या फिरत्या चकतीला हा शब्द नंतर लागला, सूर्याच्या सावलीशी त्याचे नाते त्याहून जुने आहे. आपल्याकडे ही जवळीक भाषेतच आहे. आपण 'दिवस उगवला', 'दिवस कलला', 'दिवस मावळला' असे म्हणतो, तेव्हा 'दिवस' या शब्दाने आपल्याला सूर्यच अभिप्रेत असतो. 'दुपार' म्हणजे दिवसाचे दोन प्रहर संपल्याची वेळ. 'दिवस कासराभर वर आला' असे म्हणणारा शेतकरी सूर्याची उंची दोराच्या लांबीत मोजतो, आणि 'सावली पायाशी आली' असे म्हणणारा स्वतःच्या देहाचेच सनडायल करतो. त्यामुळे हे यंत्र मराठी मुलांना परके वाटण्याचे कारण नाही, त्याला फक्त नीट नाव हवे.

नावांचे पर्याय पाच-सहा आहेत आणि त्यांतले सगळे सारखे चांगले नाहीत. हिंदीच्या प्रभावाने काही फलकांवर 'धूपघडी' असे लिहिलेले दिसते, ते मराठीत टाळावे. आपल्याकडे धूप देवापुढे जाळतात आणि घडी कपड्याची घालतात, त्यामुळे मराठी मुलाला त्या शब्दातून ना ऊन दिसते ना वेळ. 'सौरघड्याळ' हा शब्द पूर्वी चालून गेला असता, पण आता सौरबंब, सौरदिवा, सौरपंप हे शब्द इतके रुळले आहेत की सौरघड्याळ म्हटल्यावर सूर्याच्या ऊर्जेवर चालणारे, बॅटरी न लागणारे घड्याळच डोळ्यांपुढे येते. 'शंकुयंत्र' हा शब्द शास्त्रीय आणि जुना आहे, मात्र शाळेत त्यालाही एक अडचण आहे. भूमितीच्या पुस्तकात शंकू म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखा आकार असतो, तर ज्योतिषगणितात शंकू म्हणजे नुसती उभी काठी किंवा खुंटी. संस्कृतातला मूळ अर्थही खुंटीचाच आहे, पण फलक वाचणारे मूल आधी निमुळता कोनच शोधते.

उरतात 'सूर्यघड्याळ' आणि 'छायायंत्र'. माझी निवड 'छायायंत्र' ही आहे, कारण ते वेळेचे काम सावलीकडे देते आणि हे यंत्र म्हणजे दुबळे घड्याळ असे सुचवत नाही. लहान मुलांसाठी 'सूर्यघड्याळ' अधिक सोपे आहे, हे मान्य करावे लागते. फलकावर मोठ्या अक्षरांत 'छायायंत्र' आणि खाली लहान अक्षरांत 'सनडायल' असे लिहिल्यास कोणाचीच अडचण होणार नाही. लिहिताना 'सनडायल' हा एकच शब्द ठेवावा. 'सन' सुटा पडला की मराठी वाचकाला तो 'सन १९४७' मधला सन वाटतो, आणि एका फलकावर तर मी 'सण डायल' असेही वाचले आहे. लिंगाबद्दलही विचारले जाते. डायल स्त्रीलिंगी बोलली जात असली तरी संपूर्ण यंत्राला मी 'ते सनडायल' म्हणतो, घड्याळाच्या वळणावर. वाक्यात त्याला 'वर' हा शब्द लागतो: 'सनडायलवर साडेदहा झाले', 'सावली दहाच्या रेषेवर आली'. 'सनडायल बंद पडले' असे मात्र म्हणू नये. ढग आले की सावली जाते, यंत्र जागच्या जागी असते.

आता यंत्राच्या भागांकडे येतो. सपाट भागाला तबकडी म्हणावे आणि सावली पाडणाऱ्या भागाला शंकू. बागेतल्या नेहमीच्या सनडायलवर हा शंकू त्रिकोणी पत्र्यासारखा असतो. त्याची तिरकी कड ही सगळ्यात महत्त्वाची, कारण ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावी लागते. म्हणजेच ती खऱ्या उत्तरेकडे रोखलेली असते आणि जमिनीशी त्या गावाच्या अक्षांशाइतका कोन करते. पुण्याचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटे, म्हणून आपल्याकडे हा कोन साडेअठरा अंशांचा. पुण्याच्या सनडायलचा शंकू त्यामुळे बराच आडवा, जवळजवळ निजलेला दिसतो, आणि परदेशातली चित्रे पाहून आलेल्या माणसाला तो बसवताना वाकला असावा असे वाटते.

तासांच्या रेषाही गावागणिक बदलतात. आडव्या तबकडीवर बारा आणि एक यांच्या रेषांतला कोन पुण्यात जेमतेम ४.९ अंश येतो, एक ते दोन ५.५ अंश, आणि पाच ते सहा मात्र ४० अंशांहून थोडा अधिक. दुपारच्या रेषा अगदी दाटीने आणि संध्याकाळच्या ऐसपैस, असे आपले सनडायल दिसते. लंडनच्या अक्षांशावर बारा-एकमधला हाच कोन ११.८ अंशांचा असतो. तयार विकत मिळणाऱ्या पितळी तबकड्या बहुधा तिकडच्या नमुन्यावर ओतलेल्या असतात, त्यामुळे त्या इथे शोभेच्या वस्तू ठरतात.

काही वर्षांपूर्वी कोथरूड भागातल्या एका सोसायटीने बागेत अशीच एक सुंदर पितळी तबकडी चौथऱ्यावर बसवली होती. तिथले रहिवासी म्हणत, हे दुपारी बरोबर असते आणि सकाळ-संध्याकाळ बिघडते. मी कोनमापक लावला तेव्हा शंकूचा कोन साडेएक्कावन्न अंश भरला, म्हणजे लंडनचा. दुपारी ते बरोबर दिसणे साहजिकच होते, कारण माध्यान्हीला सूर्य उत्तर-दक्षिण रेषेवर असतो आणि त्या वेळी शंकूचा कोन कितीही असला तरी सावली बाराच्या रेषेवरच पडते. तबकडी फेकून देण्याची गरज नव्हती. तिची उत्तरेकडची बाजू ३३ अंशांनी खाली येईल अशी दगडाची पाचर करून घेतली. शंकूची कड त्यामुळे जमिनीशी साडेअठरा अंशांवर आली आणि रेषा जुळल्या. अशी कललेली तबकडी म्हणजे पुण्यात ठेवलेला लंडनच्या जमिनीचा एक तुकडाच असतो. डिसेंबरात सूर्याच्या वेळेने सकाळी आठच्या सुमारास तिच्यावर ऊन येते आणि चारच्या सुमारास उतरते, कारण लंडनचा हिवाळ्यातला आखूड दिवस तिच्या पृष्ठभागावर तसाच राहतो. सोसायटीतल्या दोन मुलींनी हे स्वतः पाहून वहीत नोंदवले होते, आणि मला ती वही त्या तबकडीपेक्षा अधिक आवडली.

आता पाऊण तासाच्या फरकाकडे येतो. त्याची कारणे दोन आहेत आणि ती वेगळी ठेवावीत. पहिले रेखांशाचे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे. पुणे सुमारे ७३.८५ अंशांवर, म्हणजे त्या रेषेच्या ८.६५ अंश पश्चिमेला. सूर्याला एक अंश ओलांडायला चार मिनिटे लागतात, म्हणून पुण्याची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सुमारे साडेचौतीस मिनिटे मागे असते. हा फरक वर्षभर तेवढाच राहतो.

दुसरे कारण सूर्याच्या वार्षिक चालीचे आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे, जानेवारीच्या सुरुवातीला ती सूर्याच्या सर्वांत जवळ आणि सर्वांत वेगात असते. शिवाय तिचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे. या दोन्हींमुळे एका माध्यान्हीपासून पुढच्या माध्यान्हीपर्यंतचा काळ रोज नेमका चोवीस तासांचा नसतो, काही सेकंदांनी कमी-जास्त होतो, आणि ते सेकंद साठत जातात. पंचांगकर्ते या साठलेल्या फरकाला वेलांतर म्हणतात. ११ फेब्रुवारीच्या सुमारास सूर्य सव्वाचौदा मिनिटे मागे असतो, तर ३ नोव्हेंबरच्या सुमारास जवळजवळ साडेसोळा मिनिटे पुढे. मे महिन्याच्या मध्याला तो पावणेचार मिनिटे पुढे आणि जुलैअखेरीस साडेसहा मिनिटे मागे असतो. १५ एप्रिल, १३ जून, १ सप्टेंबर आणि २५ डिसेंबर या तारखांच्या आसपास वेलांतर शून्य असते, तेव्हा फक्त रेखांशाचा फरक उरतो.

दोन्ही एकत्र करून पाहिले तर पुण्यात सनडायलवर बारा वाजतात तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळात १२ वाजून १८ मिनिटे झालेली असतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ४९ मिनिटे. मुलांनी नेमका फेब्रुवारी निवडला, म्हणून त्यांना फरक सर्वांत मोठा दिसला. त्यांचे पुठ्ठ्याचे यंत्र उत्तम चालले होते, हे त्यांना अवश्य सांगावे.

काही जण तासांच्या रेषाच साडेचौतीस मिनिटांनी सरकवून आखतात, म्हणजे निदान पहिला फरक मिटतो. गणिताने त्यात काहीच चूक नाही. शाळांसाठी मात्र मी तसे कधी करत नाही. बाराची रेषा उत्तर-दक्षिण असणे आणि सावली तिच्यावर येते त्याच क्षणी सूर्य आकाशात सर्वांत उंच असणे, ही या यंत्राने शिकवण्याची पहिली गोष्ट आहे, आणि सोयीसाठी ती मोडू नये असे मला मनापासून वाटते.

उत्तर दिशा कशी काढावी, हा प्रत्यक्ष बसवताना सगळ्यात जास्त चुकणारा भाग. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक पुण्यात एका अंशाच्या आतला आहे, पण गच्चीच्या स्लॅबमधल्या लोखंडी सळया सुईला सहज पाच-दहा अंश ओढतात. मी जुन्या पद्धतीवर विसंबतो, जी सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या त्रिप्रश्नाधिकारात आहे: दिशा, देश आणि काल या तीन प्रश्नांची उत्तरे एका काठीच्या सावलीवरून काढणारा तो अध्याय. जानेवारीच्या मध्यातली निरभ्र सकाळ घ्यावी. पाणसळीने समपातळी तपासलेल्या शहाबादी फरशीवर ३० सेंटिमीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि तिच्या बुंध्याभोवती ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ दोरा-खडूने काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाबाहेर असते. घड्याळात दहाच्या सुमारास ते रेषेला टेकते, तिथे बारीक टोकाच्या पेन्सिलीने खूण करावी. मग सावली आखडत जाते, दुपारी पावणेएकच्या आसपास ती २५ सेंटिमीटरपर्यंत येते, आणि साडेतीनच्या जरा आधी टोक पुन्हा वर्तुळाला आतल्या बाजूने गाठते. दुसरी खूण तिथे. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, तिच्यावरचा लंब उत्तर-दक्षिण. काठीच्या टोकाची सावली पुसट पडते, कारण सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची चकती आहे. टोकावर मणी किंवा छोटे भोक असलेला पत्रा बसवल्यास खूण अधिक नेमकी येते.

याच काठीवर एक सुंदर हिशेब करता येतो. आपल्या परंपरेत शंकू १२ अंगुळांचा धरतात, आणि दिवस-रात्र समान असतात त्या दिवशीच्या माध्यान्हीला त्याची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा जवळजवळ नेमकी ४ अंगुळे येते. २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास मुलांनी १२ सेंटिमीटरची काठी उभी करून ४ सेंटिमीटरची सावली मोजली, तर त्यांनी पुण्याचा अक्षांश मोजला असे होईल. त्यांना तो नकाशात पाहावा लागणार नाही.

पुण्याच्या सूर्याची आणखी एक गोष्ट फलक लावताना लक्षात घ्यावी. १३ मेच्या आसपास सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, घड्याळात त्या वेळी १२ वाजून ३१ मिनिटे झालेली असतात आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या शेवटापर्यंत माध्यान्हीचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि काठीची सावली दक्षिणेला पडते. २१ जूनला एक मीटर काठीची सावली साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास आणि दक्षिणेला, तर २२ डिसेंबरला ९० सेंटिमीटर आणि उत्तरेला. म्हणून युरोपातल्या चर्चच्या दक्षिण भिंतीवर दिसतात तशी उभी सनडायले आपल्याकडे करू नयेत. आपल्या दक्षिण भिंतीला मेच्या मध्यापासून अडीच महिने माध्यान्हीचे ऊनच लागत नाही. आडवी तबकडी मात्र या काळातही खरी चालते, फक्त सावली आखूड होते. जूननंतर ढगच असतात, ही वेगळी गोष्ट.

शाळेसाठी आडव्या तबकडीपेक्षा विषुववृत्तीय प्रकार मुलांना लवकर कळतो. त्यात गोल चकतीच्या मधून काठी काटकोनात आरपार जाते, काठी उत्तरेकडे साडेअठरा अंश उचललेली असते आणि रेषा सरळ पंधरा-पंधरा अंशांवर काढायच्या असतात, त्रिकोणमितीची गरज पडत नाही. उन्हाळ्यात चकतीच्या उत्तर बाजूवर सावली पडते, हिवाळ्यात दक्षिण बाजूवर, म्हणून आखणी दोन्हीकडे करावी लागते. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना ऊन चकतीच्या कडेला घासून जाते आणि काही दिवस नीट वाचता येत नाही. जयपूरच्या जंतरमंतरमधले सम्राटयंत्र याच तत्त्वाचे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहांनी बांधलेल्या त्या यंत्राची भिंत सुमारे २७ मीटर उंच आहे आणि तिची सावली कमानीवरून सेकंदाला साधारण एक मिलिमीटर सरकते. तिथे बोट टेकवून उभे राहिले की पृथ्वी फिरते हे अक्षरशः बोटाखालून जाणवते. सहल नेता आली तर अवश्य न्यावी.

कोणार्कच्या रथचक्रांनाही अनेकदा सनडायल म्हटले जाते. त्यांच्या आसाची सावली आऱ्यांवर सरकते हे खरे, परंतु तो आस जमिनीला समांतर आहे, पृथ्वीच्या अक्षाला नाही, त्यामुळे वर्षभर एकसारखे तास त्यावर वाचता येणार नाहीत. तिथे हा शब्द सैल अर्थाने घ्यावा.

फलकाचा मजकूर लहान ठेवावा, पण आकडे गाळू नयेत, कारण आकड्यांवाचून यंत्र वेळ चुकवते असा समज घेऊन पाहुणे परत जातात. मी एका शाळेत कोरून घेतलेला मजकूर देतो, तो आपण जसाच्या तसा वापरू शकता: 'छायायंत्र (सनडायल). हे यंत्र पुण्याच्या सूर्याची वेळ दाखवते. अक्षांश १८° ३१′ उत्तर. घड्याळाच्या वेळेसाठी सावलीच्या वेळेत मिळवावीत अशी मिनिटे: ११ फेब्रुवारी ४९, १५ एप्रिल ३५, १४ मे ३१, १३ जून ३५, २६ जुलै ४१, १ सप्टेंबर ३५, ३ नोव्हेंबर १८, २५ डिसेंबर ३५.' दोन तारखांमधल्या दिवसांची मिनिटे मुलांनी रोज पाहून स्वतः आलेखावर भरावीत, त्याला पूर्ण एक वर्ष लागेल.